आमच्या खोऱ्यात प्लॉटिंग आलंय. ग्रामसभेत नेमकं काय मागायचं?

रानमाळ | २८ जुलै, रात्री ९:४२

मंडळी, गाव मुळशी तालुक्यात, पिरंगुटच्या पुढे. नाव मुद्दाम लिहीत नाही. इथले निम्मे सभासद दर शनिवारी आमच्या फाट्यावरूनच जातात आणि उरलेल्या निम्म्यांनी तिथे प्लॉट बघून ठेवलाय.

हिंजवडी वाढली, चांदणी चौकाचा पूल झाला आणि आमच्याकडे जेसीबी उतरले. भाताची खाचरं भरून सपाट केली. डोंगराच्या पायथ्याला पायऱ्या पाडल्यासारखे टप्पे काढलेत, प्रत्येक टप्प्यावर चुन्याने आखलेले चौकोन आणि नंबरचे दगड. गुरं डोंगराला जायची ती वाट तारेच्या कुंपणात गेली. हे सगळं बघत गप्प बसलो होतो, कारण विकणारेही आपलेच. माझ्या चुलतभावानेही विकली.

पण यंदा जूनअखेरीला जे झालं ते नवीन होतं. वरच्या प्लॉटिंगवाल्याने रस्त्यासाठी ओढ्यात दोन सिमेंटचे नळे टाकले आणि वर मुरूम ओतला. पावसाळ्यात त्या ओढ्याला कमरेएवढं पाणी असतं, ते नळ्यांत काय मावणार? एका रात्रीत मुरमाचा बांध फुटला, खालच्या तीन खाचरांच्या ताली गेल्या. आवण लावून आठवडा झाला होता. सकाळी बघितलं तर भाताच्या जागी वीतभर लाल मुरूम, मधूनच एखाद्या रोपाचा शेंडा. ते खाचर माझ्या काकांचं. प्लॉटिंगवाल्याचा माणूस म्हणाला, "नैसर्गिक आपत्ती आहे, तलाठ्याकडे पंचनामा मागा."

१५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. मला विक्री थांबवायची नाही, ती थांबणार पण नाही. पण गाव म्हणून आम्ही नेमकं काय मागू शकतो? 'निसर्ग वाचवा' छापाचे प्रतिसाद नकोत, कागदावर उतरेल असं काही सांगा.

चहाटळ | २८ जुलै, रात्री ९:५०

मी पयला! मुद्द्याचं उद्या लिहितो. तोवर एक शंका: जाहिरातीत 'पुण्यापासून फक्त २० मिनिटे' लिहितात ते कुठलं पुणे? चांदणी चौकातून भूगाव पार करायलाच मला तेवढा वेळ लागतो.

सह्यभटक्या | २८ जुलै, रात्री १०:२६

@चहाटळ, ती २० मिनिटं रात्री अडीच वाजता मोजलेली असतात.

रानमाळ, वाचून वाईट वाटलं. मुळशीला जमिनीची भांडणं नवी नाहीत. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर मावळे बसले होते ते याच खोऱ्यात. धरण झालंच, गावं बुडाली आणि पाणी आजही घाट उतरून भिऱ्याला वीज करायला जातं. धरणाकाठच्या वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण आहेच. पुढे लवासा आलं. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची नोटीस, २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया. डोंगर कापलेले राहिले ते राहिलेच.

कोथरूडचा पाहुणा | २९ जुलै, सकाळी ७:१५

मी 'त्या' लोकांपैकी. निवृत्तीचे पैसे घालून तुमच्याच पट्ट्यात ११ गुंठे घेतलेत. धागा उघडताना वाटलंच होतं की शिव्या बसणार.

एक बाजू आमचीही ऐका. आम्हाला सांगितलं गेलं: चोवीस तास पाणी, डांबरी रस्ता, क्लबहाउस. प्रत्यक्षात बोअर मार्चमध्ये आटतो, एप्रिलपासून टँकर, आणि क्लबहाउस म्हणजे पत्र्याची शेड, तिथे विकणाऱ्याचं ऑफिस होतं. आता तेही बंद. ओढ्यात नळे टाकले तेव्हा आम्हा प्लॉटवाल्यांना कोणी विचारलं नव्हतं. उद्या तो रस्ता वाहून गेला तर आमच्या घराची वाटही जाते. तुमची तक्रार आणि माझी तक्रार एकाच माणसाविरुद्ध आहे, पण गावात मला 'बंगलेवाला' म्हणून कोणी ओळखसुद्धा देत नाही.

सातबारा | २९ जुलै, दुपारी १२:३०

मी महसूल खात्यात होतो, आता घरी आहे. जरा लांबण लावतो.

कोथरूडकर, आधी तुमच्याकडे काय आहे ते नीट बघा. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो, कूळकायद्याचं कलम ६३. त्यात तुकडेबंदीचा कायदा आहे १९४७ चा. ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे, त्याहून लहान तुकड्याची खरेदी चालत नाही. मग लोक काय करतात? कोपऱ्यात विहीर दाखवून जिरायतीची बागायत करतात. किंवा दहा जणांच्या नावाने एकच सामाईक खरेदीखत, सातबाऱ्यावर दहा नावं आणि कोणाचा तुकडा कुठला ते फक्त विकणाऱ्याच्या रंगीत नकाशावर. तो नकाशा कुठल्याही कार्यालयात नसतो. नावांपैकी एकाने कर्ज बुडवलं किंवा दावा लावला की बाकीचे नऊ लटकले. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की नागरी भागातले १ जानेवारी २०२५ पर्यंतचे एक गुंठ्यापर्यंतचे तुकडे नियमित करू. ते ऐकून दलाल गावोगाव 'आता सगळं मोकळं झालं' म्हणत फिरले. त्यांच्या बोलण्यावर इसार देऊ नका.

आता रानमाळ. पहिला प्रश्न हा की तुमच्याकडचं प्लॉटिंग एनए (बिगरशेती) आहे की शेतजमिनीचे तुकडे? एनए असेल तर मंजूर रेखांकन (लेआउट) असणार. एक एकरावरच्या रेखांकनात १० टक्के खुली जागा सोडावी लागते, ओढे-नाले दाखवावे लागतात. ती मंजूर प्रत माहितीच्या अधिकारात काढा. बऱ्याचदा असं निघतं की नकाशात ओढा सुखरूप वाहतोय आणि जागेवर दोन नळे. एवढा एक कागद हातात असला की बोलणं सोपं होतं. आणि एनए नसेल तर टप्पे पाडायला केलेलं उत्खनन कोणाच्या परवानगीने झालं, मुरमाची रॉयल्टी भरली का, हे तहसीलदारांना लेखी विचारा. रॉयल्टीचा विषय काढला की भल्याभल्यांचे फोन लागायला लागतात.

चहाटळ | २९ जुलै, दुपारी १२:४४

'भल्याभल्यांचे फोन लागायला लागतात' हे वाक्य फ्रेम करून चावडीत लावा.

बांधावरचा | २९ जुलै, रात्री ८:०५

सगळं वाचलं. आता विकणाऱ्याचं पण ऐका.

आम्ही पाच भाऊ, जमीन सव्वादोन एकर. त्यातली निम्मी डोंगराकडची, वरकस, म्हणजे हलकी. आंबेमोहोर पिकवायचो. आंबेमोहोराचा वास शहरात लई आवडतो, भाव विचारला की लगेच इंद्रायणी आठवतो. लावणीला माणूस मिळत नाही, मिळालं तर पाचशे रुपये रोज आणि चहा दोन टाईम. दिवाळीनंतर खाचर मोकळं ते जूनपर्यंत. पोरं हिंजवडीत सिक्युरिटीत उभी राहतात नाहीतर गाडी चालवतात. मग ती जमीन ठेवून करायचं काय, फोटो काढायचे?

विकली. आईचं ऑपरेशन झालं, एका पोराला इंजिनिअरिंगला घातलं, मी टिपर घेतला. होय, तोच टिपर प्लॉटिंगवर मुरूम टाकतो. धंदा आहे. गुंठामंत्री म्हणून आमच्यावर विनोद करणाऱ्यांनी एकदा पाच भावांत सव्वादोन एकराचं गणित करून दाखवावं. आमच्या वाडीत दोघांनी पैसे गाड्यांत आणि डीजेत घालवले, खरंय. पण बाकीच्यांनी घरं बांधली, त्यांच्यावर कोणी रील काढत नाही.

रानमाळ, तुझ्या काकांच्या खाचराचं मात्र वाईट झालं. ओढ्यात भराव टाकणं चूकच. आम्ही तिथं टाकला नाही.

माहेरवाशीण | २९ जुलै, रात्री ९:३१

@बांधावरचा, पाच भाऊ लिहिलंत, बहिणी किती होत्या?

राग मानू नका, पण मला हा प्रश्न विचारायचाच असतो. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आणखी स्पष्ट शिक्का मारला. आमच्याकडे व्यवहार ठरला तेव्हा रक्षाबंधनाच्या आदल्या दिवशी फोन आला: "सह्या करायला ये, जेवायलाच ये." दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर झाडाखाली हक्कसोडपत्र पुढे केलं, वाचायलाही दिलं नाही. मी वाचायला मागितलं तर थोरला म्हणाला, "आता तू आमच्यावर विश्वास ठेवणार नाहीस?" बाजूला दलाल उभा, हातात पेढ्याचा पुडा. मी सही केली नाही. तीन वर्षं माहेर बंद होतं. नंतर व्यवहार माझ्या हिश्श्यासकट झाला, आता येणं-जाणं आहे, पण वहिनी चहा देताना अजून नजर चुकवते.

हे इथे लिहायचं कारण एवढंच की जमीन विकायचा निर्णय गावात कोण घेतं याची चर्चा कधीच होत नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदावर होते का खरी होते ते बघा, रानमाळ. पाण्याचं आणि वाटेचं सगळ्यात जास्त त्याच बोलतील.

बांधावरचा | २९ जुलै, रात्री ९:५८

दोन बहिणी. दोघींना हिस्सा दिला. सारखा नाही दिला, पण दिला. यापुढे काही लिहीत नाही.

कातळपाणी | ३० जुलै, सकाळी १०:१०

पाण्याबद्दल लिहिते, माझा विषय आहे.

आपल्याकडचा दगड बेसाल्ट. यात पाणी असतं ते वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत. वरचा थर म्हणजेच विहिरीचं पाणी, तो दर पावसाळ्यात भरतो. कोथरूडकरांचा बोअर खाली गेलाय तो भेगांत. तिथे जे पाणी लागलं ते कित्येक वर्षांत झिरपून साठलेलं. ते काढलं की भरून यायला तितकीच वर्षं लागतात, म्हणून पहिल्या वर्षी दणकून लागतं आणि तिसऱ्या वर्षी मार्चला हवा येते. आता गंमत बघा: प्लॉटिंगसाठी काय खरवडतात? नेमका तो वरचा मुरूम. आणि त्या मुरमाने बुजवतात काय? ओढा. म्हणजे पाणी मुरायची जागाही गेली आणि वाहायचीही.

कायदा आहे. १९९३ पासून सार्वजनिक पिण्याच्या विहिरीच्या ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही. २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरहून खोल विंधनविहिरींवर बंधनं आणली. प्रत्यक्षात बोअरची गाडी रात्री येते, ४०० फूट मारून पहाटे जाते, सकाळी फक्त राखाडी चिखल दिसतो. तुमच्या गावाची नळपाण्याची विहीर कुठे आहे, तिच्यापासून प्लॉटिंग किती अंतरावर, हे आधी मोजून ठेवा. मोबाईलवरच्या नकाशात अंतर मोजता येतं. ग्रामसभेत आकडा सांगा.

सह्यभटक्या | ३० जुलै, सकाळी ११:०२

आणि डोंगराचा उतार विसरू नका. १:५ हून तीव्र उतारावर बांधकाम चालत नाही, विकास नियमावलीत स्पष्ट आहे. माळीण आपल्याच जिल्ह्यातलं, ३० जुलै २०१४, १५१ माणसं गेली. हे लिहिताना लक्षात आलं की आज ३० जुलैच. तिथे डोंगरावर शेतीसाठी सपाटीकरण केलं होतं, त्याचा किती वाटा यावर अभ्यासकांत वाद झाले. पण पायथा खणून वर पाऊस झेलायचा हा प्रयोग आपल्याकडे कोणी करू नये एवढं तरी ठरायला हरकत नाही.

कणकवलीचो | ३० जुलै, दुपारी ४:२०

तुमच्याकडे निदान विकणारो माणूस समोर असता. आमच्याकडे सातबाऱ्यार साठ नावां, त्यातली चाळीस मुंबैक, धा वर गेलेली. एक दिवस गावात कळता की विलेपार्ल्यातल्या कोणा चुलत्यान आपलो अविभक्त हिस्सो दिल्लीच्या माणसाक विकलो. मगे तो दिल्लीवालो कुळदेवतेच्या पाटयेर येवन उभो रवता, "माझा हिस्सा कुठला?" आमी म्हटलव, देवाक इचार.

(मस्करी सोडा. दोडामार्ग, सावंतवाडीकडे मोपा विमानतळ झाल्यापासून हेच चाललंय. सामाईक जमिनीत आधी वाटप करून घ्या, मग काय ते विका.)

चहाटळ | ३० जुलै, दुपारी ४:३१

देवाने काय सांगितलं?

कणकवलीचो | ३० जुलै, दुपारी ४:३३

उजवो कौल दिल्यान. दिल्लीवाल्याक.

पेडण्याचा | ३० जुलै, रात्री ११:१५

मोप्याचं नाव निघालं म्हणून. मी पेडण्यातलाच. गोव्यात २००७ च्या जानेवारीत लोकांनी रस्त्यावर येऊन अख्खा प्रादेशिक आराखडा २०११ सरकारला मागे घ्यायला लावला. पुढच्या आराखड्यासाठी गावोगाव समित्या बसल्या, लोकांनी नकाशावर आपल्या झरी, शेतं, वाटा रंगवून दिल्या. मग काय झालं? २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घातलं, एकेका सर्व्हे नंबराचा रंग 'दुरुस्त' करायची सोय. गावाने वर्षभर बसून रंगवलेला नकाशा आणि अर्जावर बदललेला रंग. कोर्टात चाललंय. तरी त्या नकाशांचा उपयोग होतो, कारण झर कुठे होती हे आता कागदावर आहे.

रानमाळ | ३१ जुलै, रात्री १०:०८

सगळ्यांचे आभार. पेडणेकर, आमच्याकडे पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये आला होता. हजारो हरकती गेल्या, लोक सुनावणीला रांगा लावून आले आणि २०२५ मध्ये तो रद्दच झाला. तोवर जे व्हायचं ते जमिनीवर झालं. कुठे रस्ता येणार या अफवेवर चार वर्षं भाव वाढले.

कातळपाणीताई, अंतर मोजलं. विहीर ते वरच्या प्लॉटिंगचा बोअर साधारण ३२० मीटर.

हिवरेप्रेमी | १ ऑगस्ट, सकाळी ८:४०

एवढं सगळं कशाला? हिवरेबाजारने ठरवलं: बाहेरच्याला जमीन विकायची नाही, शेतीला बोअर नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद. ग्रामसभेने ठरवलं आणि पाळलं. इच्छाशक्ती हवी.

बांधावरचा | १ ऑगस्ट, सकाळी ९:०२

हिवरेबाजारच्या शिवाराला कोणी गुंठ्याला दहा-पंधरा लाख द्यायला आलं होतं का? आमच्याकडे येतात. इच्छाशक्ती तिथं मोजा.

हिवरेप्रेमी | १ ऑगस्ट, सकाळी ९:२०

आदर्श गावाला पैशात मोजणं बरोबर नाही. त्यांनीही दुष्काळात दिवस काढलेत.

सातबारा | १ ऑगस्ट, दुपारी १:१५

दोघेही थांबा. हिवरेबाजारचा ठराव गावाच्या एकीवर चालतो, कायद्यावर नाही. खातेदाराने विकायचं ठरवलं तर ग्रामसभा विक्री रोखू शकत नाही, दुय्यम निबंधक ग्रामसभेचा ठराव विचारत नाही. विकायचं नाही तर मिळून करायचं, हा तिसरा रस्ता आहे. मगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कंपनी काढली, मालकी राखली. माण-म्हाळुंग्याला नगररचना योजनेत निम्मी जमीन विकसित भूखंड म्हणून परत द्यायचं ठरलं. पण त्याला शेकडो एकर सलग आणि सगळ्यांच्या सह्या लागतात. डोंगराकडेच्या गावात सलग असतो तो फक्त पाऊस.

एडिसनची मावशी | १ ऑगस्ट, रात्री ११:५०

न्यू जर्सीहून. आमच्या गल्लीच्या टोकाला एकाला दुकानं बांधायची होती तर आम्हाला रजिस्टर पत्र आलं. अर्ज आला की २०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे त्यांना कळवावंच लागतं, मग सुनावणी. आम्ही गेलो, सांडपाणी आणि पार्किंगवर प्रश्न विचारले. दुकानं झालीच म्हणा, पण ड्रेनेज बदलून झाली. आपल्याकडे शेजाऱ्याला जेसीबीच्या आवाजावरून कळतं.

चहाटळ | २ ऑगस्ट, सकाळी ७:५५

मावशी, आमच्याकडेही पत्र येतं. 'अभिनंदन! तुमच्या गावात प्लॉट बुक करा' असं.

फुरसुंगीवाला | २ ऑगस्ट, सकाळी १०:३०

कोणीतरी आता लिहील की महापालिकेत गेलं की सगळं सुटेल. म्हणून आधीच सांगतो. २०१७ ला ११ गावं गेली, २०२१ ला २३. आमचं पहिल्या खेपेला गेलं. मिळकतकर शहराचा, पाणी टँकरचं, वर कचराडेपो होताच. इतकी बोंब झाली की शेवटी फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून नगरपरिषद केली. ग्रामपंचायत असताना निदान सरपंचाच्या दारात जाऊन ओरडता यायचं.

कोर्टाची पायरी | २ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४५

वकिली करतो, त्यामुळे धाग्याच्या मूळ प्रश्नावर येतो. चर्चा फार छान, पण त्यांना १५ तारखेला काहीतरी हातात घेऊन जायचंय.

रानमाळ, 'बेकायदा प्लॉटिंग बंद करावे' असा ठराव करू नका. तो टाळ्यांत मंजूर होतो आणि कपाटात जातो. ठराव गट नंबराला बांधा. अमुक गटातून वाहणारा ओढा, अमुक तारखेला भराव, त्याचे फोटो, खालच्या कोणत्या गटांचं नुकसान, आणि ठरावाची प्रत तहसीलदार व पीएमआरडीए यांना पाठवावी, असं शेवटच्या ओळीत. काही वर्षांपूर्वीची उपग्रह छायाचित्रं गूगल अर्थवर मागे सरकवून बघता येतात. ओढा भरावाआधी कसा वाहत होता त्याची छापील प्रत जोडा.

वाटेचं वेगळं प्रकरण आहे. गुरांची जुनी वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत करा, उशीर झाला की तिथेच फेटाळतात. ही मुदत लोक हमखास चुकवतात, कारण गणपतीनंतर बघू, दिवाळीनंतर बघू.

ग्रामपंचायतीच्या हातात नक्की काय आहे? पीएमआरडीए हद्दीत बांधकाम परवानगी त्यांच्याकडे नाही. पण गावच्या नळयोजनेचं कनेक्शन, गावच्या रस्त्यावरून पाइपलाइन नेण्याची परवानगी, ना-हरकत दाखला, हे पंचायतच देते. अट घालायची जागा तिथे. ओढा मोकळा केल्याशिवाय नवं कनेक्शन नाही, एवढं पुरेसं बोलकं आहे. आणि नवे फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाच्या नोंदी) 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर दिसतात, हरकतीला १५ दिवस असतात. गावातल्या एका पोराला दर सोमवारी ते बघायचं काम द्या.

कोथरूडकर, तुमचं एनए प्लॉटिंग असेल आणि क्षेत्र ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक हवा. नसेल तर तुमची तक्रार वेगळी जाईल. पण ग्रामसभेला जा. तिथल्या मतदारयादीत नाव असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात, बंगलेवाले असा की झोपडीवाले.

कोथरूडचा पाहुणा | २ ऑगस्ट, रात्री ८:१२

नाव कोथरूडच्याच यादीत आहे. सौ. म्हणतात तिकडे हलवू नका, इथलं रेशनकार्ड जाईल. तरी मागे उभा राहायला येतो. नळे टाकले त्या दिवशीचे फोटो आणि विकणाऱ्याशी झालेलं व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आहे माझ्याकडे. त्यात त्याने 'ओढ्याचं मॅनेज केलंय' असं लिहिलंय.

कोर्टाची पायरी | २ ऑगस्ट, रात्री ८:१४

इथे टाकू नका! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि फोन बदलू नका.

माहेरवाशीण | ९ ऑगस्ट, दुपारी ३:०५

आठवडा झाला, धागा थंड पडलाय. महिला सभेचं काय झालं?

रानमाळ | १६ ऑगस्ट, रात्री ११:३०

कालचं सांगतो.

महिला सभा १४ ला झाली, खरोखरची झाली. माझी काकू कधी बोलत नाही, ती उभी राहिली आणि मुरूम वाटीत घेऊन आली होती, ती वाटी ग्रामसेवकाच्या टेबलावर ठेवली. इतिवृत्तात वाटी लिहिली नाही, पण ओढा लिहिला.

१५ ला झेंडावंदन झालं, जिलेबी झाली आणि ग्रामसभेला गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे मला सातबारा काकांनी व्यनित आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून आम्ही हललो नाही. आज दुपारी परत भरली. कोथरूडकर आले होते, सोबत आणखी चार प्लॉटवाले. सुरुवातीला कुजबुज झाली, पण त्यांनी फोटो दाखवले तेव्हा सरपंच खुर्ची सरकवून पुढे आले.

ठराव तीन झाले. ओढ्याचा गट नंबर घालून, वाटेचा, आणि विहिरीच्या ५०० मीटरमधल्या बोअरचा. नवं नळकनेक्शन द्यायचं नाही, हा चौथा मात्र बारगळला. दोन सदस्य म्हणाले "आमची पाहुणे मंडळी पण तिथे बांधतायत." ओढ्याच्या ठरावाला अनुमोदक कोण होता सांगू? ज्याने त्या प्लॉटिंगची निम्मी दलाली खाल्ली तो. म्हणाला, मी पण गावचाच आहे. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

चहाटळ | १६ ऑगस्ट, रात्री ११:४१

पुढच्या निवडणुकीला उभा राहतोय, लिहून घ्या.

सातबारा | १७ ऑगस्ट, सकाळी ६:२०

इतिवृत्तावर सह्या झाल्या का? झाल्या नसतील तर आजच ग्रामसेवकाला गाठा. सोमवारपर्यंत थांबलात तर 'भराव काढावा'चं 'योग्य ती कार्यवाही करावी' झालेलं असेल. ठरावाची साक्षांकित प्रत घ्या, पोहोच घ्या, तहसीलला स्वतः नेऊन द्या. आवक नंबर मिळाला की इथे टाका.

बांधावरचा | १७ ऑगस्ट, सकाळी ७:०३

भराव काढायचा आदेश आला तर टिपर लागंल. माझा आहे. डिझेल तेवढं टाका, भाडं प्लॉटिंगवाल्याकडून मी घेतो वसूल करून, त्याच्याकडे माझी जुनी बाकी पण आहे.